जर्मनीत येऊन चार महिने झाले, पण घर अजून बसत नाही: सांगलीच्या ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: आम्ही सांगलीचे. माझे यजमान कुपवाड एमआयडीसीत डिझाइन इंजिनिअर होते. गेल्या वर्षी त्यांना श्टुटगार्टजवळ ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली. मी आणि मुलं ऑगस्टमध्ये आलो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन. मी विश्रामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. इथे मुलगी वर्गात एक शब्द बोलत नाही, मुलाला बालवाडीत जागा नाही, मी दिवसभर घरात. रोज सांगलीच्या रात्री साडेनऊला आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा, फोन येतो. तो ठेवला की मला रडू येतं. यजमान म्हणतात, वर्षभरात सगळं जागेवर येईल. खरंच येईल का, की मुलांना घेऊन परत जावं?

ताई, परत जाण्याचं आत्ता ठरवू नका. असा निर्णय घ्यायला चौथा महिना फार वाईट. सुरुवातीला नवलाई असते, कागदपत्रांची धावपळ असते. ती ओसरली की एकटेपण समोर येऊन बसतं, आणि तुमच्या बाबतीत ते नेमकं डिसेंबरात आलंय, जेव्हा तिथे दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. पण वर्षभरात सगळं आपोआप जागेवर येईल, असंही मी सांगणार नाही. आपोआप काही येत नाही.

मी साताऱ्याची. श्टुटगार्ट भागात बरीच वर्षं परदेशातून आलेल्या कुटुंबांना सल्ला देण्याचं काम केलं. आता साताऱ्यात असते आणि इथून जाणाऱ्या घरांशी बोलते. काही घरं तिकडे रुजली, काही दोन-तीन वर्षांनी वैतागून परत आली. त्यांच्यात मला एक फरक सतत दिसत आला. पगार किती, फ्लॅट केवढा, मुलं किती हुशार याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता. पहिल्या वर्षात घरातल्या बाईला स्वतःच्या कामासाठी बाहेर पडायला कारण होतं की नव्हतं, हा तो फरक. तुमच्या प्रश्नात यजमानांची नोकरी आहे, मुलीची शाळा आहे, मुलाची बालवाडी आहे, आत्या आहेत. तुम्ही कुठल्या वर्गाला जाता, कुणाला भेटता, याबद्दल एक ओळ नाही. मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना बाहेर जाणं नवं नाही. विटा, खानापूर, आटपाडीची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली आहेत. आमच्या साताऱ्यात अपशिंग्यासारख्या गावांतून पिढ्यान् पिढ्या पोरं फौजेत जातात. पण फौजी गेला तरी बायको गावात राहायची. दुखलंखुपलं तर जावा-नणंदा, शेजारीपाजारी असायचे. गलाईवाला बायकोमुलांना घेऊन गेला तरी त्या बाजारपेठेत आपल्या तालुक्यातली चार घरं आधीच असायची. तुम्ही गेलात ते चौघंच. यजमानांना ऑफिस आहे, मुलीला वर्ग आहे, भाषा कळो न कळो. तुमच्यामागे कुणी नाही आणि तिघांना सांभाळायचं काम मात्र तुमच्यावर. त्यामुळे 'आधी मुलांचं मार्गी लागू दे, मग माझं बघू' हा क्रम मी उलटा करायला सांगते. तुमचं आधी.

आता 'तुमचं' म्हणजे काय. पहिली गोष्ट भाषेचा वर्ग. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन येण्याची अट नसते. ती सवलत चांगली, पण तिच्यामुळेच पुष्कळ बायका भाषेची काहीच तयारी न करता तिथे पोचतात. जर्मन सरकारचा इंटिग्रेशन कोर्स आहे: साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास तिथला कायदा, इतिहास, समाज. बी-१ पर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतः बोलून करता येतील अशा पातळीपर्यंत, नेणं हा त्याचा हेतू. कुटुंबासोबत राहण्यासाठी पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना या कोर्सचा हक्क असतो, पण परवाना मिळाल्यापासून वर्षभरात तो बजावला नाही तर संपतो. ही मुदत कुणी आपणहून सांगत नाही. परवाना देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयात या आठवड्यात जा आणि कोर्सच्या पात्रतेचं पत्र मागा. उच्चशिक्षितांना कधी कधी 'तुम्हाला याची गरज नाही' असं सांगतात. तसं झालं तर गावातल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे नगरपालिकेच्या प्रौढ शिक्षण केंद्रात, पैसे भरून बसा. तिथे संध्याकाळचे वर्गही असतात. काही ठिकाणी खास आयांसाठी आणि बायकांसाठी लांब पल्ल्याचे कोर्स असतात. वेग थोडा कमी, तास जास्त, आणि मुलं सांभाळायची सोयही कधी कधी असते. त्याबद्दल मुद्दाम विचारा.

मोबाइलवर ॲप लावून घरी बसून शिकेन, असं म्हणू नका. शब्द येतीलही. पण वर्गात सीरियाची एखादी, ब्राझीलची एखादी, युक्रेनची एखादी बाई तुमच्याच अवस्थेत बसलेली असते, आणि तिच्याशी तुम्हाला मोडकंतोडकं का होईना जर्मनच बोलावं लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पहिल्या मैत्रिणी जवळजवळ नेहमी याच वर्गातल्या असायच्या.

दुसरी गोष्ट काम. तुमच्या परवान्यावर नोकरीला मुभा असल्याचं लिहिलेलं असेल, एकदा काढून बघा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला कुठलंही काम करता येतं. मात्र सरकारी शाळेत गणित शिकवण्याची वाट लांबची आहे, हे आत्ताच स्पष्ट सांगते. तिथे शिक्षकाला सहसा दोन विषय लागतात, विद्यापीठानंतर प्रत्यक्ष शाळेतलं प्रशिक्षण लागतं आणि जर्मन फार वरच्या पातळीचं लागतं. ती वाट सोडा असं मी म्हणत नाही. पण तिच्या टोकाशी पोचेपर्यंत थांबून राहू नका. ऑगस्ट २०२६ पासून जर्मनीत पहिलीच्या मुलांना दिवसभर सांभाळाचा कायदेशीर हक्क लागू होतोय आणि तो दरवर्षी एकेक इयत्ता वर सरकणार आहे. त्यासाठी शाळांना दुपारनंतर मुलांबरोबर थांबणारी, गृहपाठ करून घेणारी माणसं लागणार. गणिताच्या शिकवण्यांनाही मागणी असते. आकड्यांना भाषा कमी लागते आणि शिकवायची हातोटी तुमच्याकडे आहेच. बी-१ झालं की आठवड्यातले काही तास शाळेत मिळवायचे, हे ध्येय वर्ष-दीड वर्षात गाठण्याजोगं आहे. पदव्यांची तुल्यता तपासून घ्यायचा अर्ज आत्ताच करून ठेवा, त्याला वेळ लागतो. मूळ गुणपत्रिका आणि बी.एड.चं प्रमाणपत्र सांगलीत कपाटात असेल तर कुणाबरोबर तरी मागवून घ्या.

यात यजमानांचं काम काय? वर्ग संध्याकाळचा असेल तर त्या दिवशी मुलं त्यांची: जेवण, आंघोळ, झोपवणं, सगळं. जर्मनीत आईवडील दोघांनी मुलांचं करणं ऑफिसलाही समजतं. 'मुलीच्या शाळेत पालकसभा आहे' म्हणून लवकर निघणाऱ्याकडे कुणी वाकडं बघत नाही. सांगलीत असताना ते रात्री आठला घरी येत असतील. तिथे तसं करायचं कारण नाही. ही गोष्ट त्यांच्याशी भांडणात काढू नका. रविवारी सकाळी कागद-पेन घेऊन बसा आणि आठवड्याचं वेळापत्रक दोघांनी मिळून लिहा.

आता मुलगी. आठ वर्षांचं मूल नव्या भाषेच्या वर्गात काही महिने गप्प बसणं हे अगदी नेहमीचं आहे. भाषा शिकवणारे या काळाला मौनाचा काळ म्हणतात. ती ऐकत असते, साठवत असते. घरी ती पूर्वीसारखी बोलते, खेळते, भांडते का? झोप आणि भूक ठीक आहे का? तसं असेल तर घाबरू नका आणि पाहुण्यांसमोर 'जर्मनमध्ये बोलून दाखव' असं कधीही म्हणू नका. घरीही अबोल झाली असेल, सकाळी पोट दुखतं म्हणून शाळा टाळत असेल किंवा शाळेला साताठ महिने होऊनही तोंड उघडत नसेल, तर वर्गशिक्षिकेशी आणि बालरोगतज्ज्ञाशी बोला. तुमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात. तिच्या शाळेत तो आहे का, आठवड्याला किती तास मिळतात, हे लेखी विचारा.

एक गैरसमज आत्ताच काढून टाकते, कारण तो पुढे त्रास देतो. सहा-आठ महिन्यांत ती मैदानावर भराभरा बोलायला लागेल आणि तुम्हाला वाटेल, भाषा झाली. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी दाखवून दिलं की बोलण्यापुरती भाषा मुलं साधारण दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली, परीक्षेतली भाषा यायला पाच वर्षं आणि त्याहून जास्त लागतात. तिथे चौथीनंतर मुलांची वाट वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत विभागते. तुमच्या मुलीला तोवर दोनेक वर्षंच मिळतील. चौथीअखेर तिला गिम्नाझियमची, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेची, शिफारस मिळाली नाही, तर तो तिच्या बुद्धीचा निकाल समजू नका. रेआलशूले, म्हणजे मधल्या पातळीची शाळा, पूर्ण करून पुढे व्यावसायिक गिम्नाझियममधून विद्यापीठाचं दार उघडतं. इंजिनिअर बापांना ही गोष्ट पचायला सगळ्यांत जड जाते, असा माझा अनुभव आहे. सांगलीतल्या चुलत भावंडांच्या मार्कांशी तिची तुलना तर फोनवर सुद्धा होऊ देऊ नका.

आणि घरात मराठीच बोला. शाळेतलं कुणी प्रेमाने 'घरी जर्मन बोला' म्हणेल. तुमचं अर्धवट जर्मन ऐकून तिचं जर्मन सुधारणार नाही. उलट जिच्यात ती रागावू शकते, रडू शकते, गोष्ट सांगू शकते ती भाषा घरातून जाईल. गणित मराठीत समजावा, शब्द ती शाळेतून आणेल. रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं मराठी वाचून दाखवा. धाकट्याच्या कानावरही ते पडतंच.

धाकट्याच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे. तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीची, तिथे तिला कीटा म्हणतात, जागा मिळणं हा हक्क आहे. जागा कमी आहेत हेही खरंच. नगरपालिकेच्या ऑनलाइन यादीत नाव घालून थांबू नका. चर्चच्या, पालकसंघांच्या अशा सगळ्या बालवाड्यांत स्वतः जाऊन भेटा, आणि तरी काही हाती लागलं नाही तर युवक कल्याण कार्यालयाला लेखी कळवा. लेखी मागणीला तिथे वजन असतं. मार्च २०२० पासून बालवाडीत आणि शाळेत गोवराच्या लसीचा पुरावा सक्तीचा आहे. दोन वर्षांपुढच्या मुलाला दोन डोस लागतात. सांगलीतलं लसीकरण कार्ड डॉक्टरांकडून तिथल्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून घ्या. जागा मिळाली की पहिले काही दिवस तुम्हाला त्याच्यासोबत वर्गात बसावं लागेल, मग हळूहळू वेळ वाढवतात. दोन-चार आठवडे त्यात जातात. त्यात घाई करू नका. तोवर गावातल्या क्रीडामंडळाचा आईबरोबर मुलांचा व्यायामाचा तास आणि वाचनालयातला गोष्टींचा तास, हे दोन्ही स्वस्त असतात किंवा फुकट. तेवढं तर याच आठवड्यात सुरू होऊ शकतं.

फोनबद्दल जरा सविस्तर लिहिते. सांगलीतले साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात तुमच्याकडचे पाच. बाहेर अंधार, मुलगी दमून आलेली, धाकटा किरकिर करतोय, स्वयंपाक व्हायचाय, यजमान यायचेत. दिवसातल्या सगळ्यांत अवघड तासाला तुम्ही रोज सांगलीच्या घरात जाऊन येता. आत्यांच्या दृष्टीने जेवणखाण आवरून, निवांत बसून नातवंडांना बघायची ती वेळ. दोघींचंही चुकत नाही, वेळ चुकते. हे त्यांना समजावून सांगायचं काम तुमच्या यजमानांचं. सुनेने सांगितलं की त्यातून वेगळाच अर्थ निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा फोन ते स्वतः करतील, घरी येताना ट्रेनमधून सुद्धा चालेल. तुमचा आणि मुलांचा मोठा व्हिडिओ कॉल रविवारी सकाळी दहाला. तेव्हा सांगलीत दुपारचे अडीच असतात, उन्हाळ्यात दीड. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, कुठे पळायचं नसतं, उजेड असतो. मुलं आजी-आजोबांशी तेव्हा मनापासून बोलतील.

पावसाळ्याचा विचार मात्र आत्ताच करून ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर तुम्ही सांगलीत पाहिला असेल. परदेशात असलेला सांगलीचा माणूस जुलै-ऑगस्टमध्ये रात्री उठून आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी मोबाइलवर बघत बसतो. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. इतक्या लांब बसून ती वाढत जाताना बघणं हा जीवघेणा प्रकार आहे. सासरचं घर पूरपट्ट्यात येत असेल तर पाणी किती फुटांवर गेलं की आईवडील कुणाकडे जाणार, गाडी कोण काढणार, औषधांची पिशवी आणि कागदपत्रं कुठे असतील, हे मे महिन्यातच भाऊ, पुतण्या किंवा शेजारी यांच्याशी नावासकट ठरवा. माझं ऐकाल तर आत्या-मामांना पहिल्या भेटीला जुलै-ऑगस्टमध्येच बोलवा. तिथे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, जुलैअखेर मुलीला उन्हाळी सुट्टी लागते, आणि पुराच्या दिवसांत ते तुमच्याजवळ असतात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसावर, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. त्यांना आधीच सांगा, कंदी पेढे आणि घरचं तूप सामानात नको. दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि आणणाऱ्याचा जीव हळहळतो. हळद, चटणी, शेंगदाण्याची पोळी येऊ द्या.

त्यांना कायमचं तिकडे नेण्याबद्दल विचाराल. मार्च २०२४ पासून नव्याने परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना काही अटींवर आईवडिलांना आणता येतं. पण वयस्कर माणसाला तिथला आरोग्य विमा मिळणंच फार कठीण आणि महाग असतं, आणि त्याशिवाय परवाना नाही. मिरजेसारखं डॉक्टरांचं गाव हाताशी असताना त्यांना ओळखीच्या दवाखान्यापासून तोडायचं का, याचाही विचार करा. मला विचाराल तर नाही.

मुदतीची कामं भराभर सांगते. मुलांचा भत्ता, किंडरगेल्ड, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता. अर्ज उशिरा केला तर मागचे फक्त सहा महिने मिळतात, त्यामुळे केला नसेल तर आज करा. भारतीय ड्रायव्हिंग लायसन्स तिथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. हे दोन्ही नंबर फ्रिजवर लावा. सांगलीतलं साधं बचत खातं बँकेला कळवून एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याप्रमाणे ते तसंच चालवता येत नाही. असलेली शेतजमीन तुमचीच राहते, वारसाने आलेलीही राहते, पण परदेशी राहून नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. दिराच्या नावाने मुखत्यारपत्र करायचं असेल तर ते फक्त ठरावीक कामापुरतं करा, भारतीय वकिलातीतून साक्षांकित करा आणि भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. मोघम मुखत्यारपत्रावरून भावाभावांत कोर्टकज्जे झालेले मी पाहिलेत.

शेजाऱ्यांची भीती वाटते असं बऱ्याच जणी सांगतात. तुम्ही श्वाबियात, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखात, आहात, तिथे जिना आणि अंगण झाडायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे फिरते. तिला केरवोखे म्हणतात. दारावर पाटी लागली की पाळी तुमची. ती न चुकवता करा, शक्यतो शनिवारी दिवसा, लोक येत-जात असताना. जिना झाडताना वरच्या मजल्यावरच्या आजी थांबून दोन शब्द बोलतात, आणि तिथली ओळख बहुधा अशीच सुरू होते. रात्री दहानंतर मिक्सर नको, रविवारी ड्रिल नको. डब्यात शंकरपाळ्या घेऊन एकदा समोरच्या दाराची बेल वाजवा.

मराठी मंडळींत जरूर मिसळा. गणपतीला, दिवाळीला मुलांना आपली माणसं दिसली पाहिजेत. फक्त शनिवार-रविवार सगळे त्यांच्यातच घालवू नका. तिथेही कुणाचं घर झालं, कुणाची गाडी कुठली, हे सुरू होतं, आणि चार महिन्यांच्या नवख्या बाईला ते ऐकून आपण मागे पडल्यासारखं वाटतं.

शेवटी रडू येण्याबद्दल. आठवड्यातून काही वेळा रडू येणं या काळात साहजिक आहे. पण सकाळी उठावंसंच वाटत नाही, जेवण जात नाही, झोप तुटते, मुलांवर सारखा हात उगारला जातो, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर घरच्या डॉक्टरकडे जा आणि स्पष्ट सांगा. यजमानांचा सरकारी आरोग्य विमा असेल आणि तुम्हाला उत्पन्न नसेल तर तुम्ही त्यात वेगळा हप्ता न भरता येता. उपचार तुमचा हक्क आहे. रोज दुपारी, उजेड असतानाच, अर्धा तास बाहेर चाला, पाऊस असो वा थंडी. मुलाला जाड कपडे घालून न्या.

परत जायचं की नाही, हा प्रश्न पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा काढा, आत्या-मामा येऊन गेल्यावर. तोवर तुमचे निदान सहा महिने वर्गात गेलेले असू देत. तेव्हाही तुम्हाला परत यावंसं वाटलं, तर खुशाल या. मुलीसाठी मात्र शाळेचं वर्ष बघून त्यापुढच्या जूनच्या आत या, म्हणजे सांगलीत तिला वर्गाच्या सुरुवातीला बसता येईल. तोपर्यंत या आठवड्याचं काम एकच: परवाना आणि पासपोर्ट घेऊन त्या कार्यालयात कोर्सचं पत्र मागायला जायचं. धाकट्याला सोबत न्या, नाहीतर यजमानांना अर्ध्या दिवसाची रजा काढायला सांगा.